यादी माझी

न्हाई न्हाई, बसा की, चहा ठेवलाय — सायलीबद्दलच विचारायला आलात ना? सगळे पेपरवाले तेच विचारतेत. सांगते. अंबाजोगाईला आमी दोघी एकाच वर्गात होतो, आन शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराचं हे ॲप दोघींनीच केलं, ह्याच खोलीत. दोघींनी, बरं का — एकटीनं न्हाई. लिहा तेवढं. ती गावोगाव फिरायची, गोड बोलून धनगरांकडून जनावरांचे फोटो आणायची. आन ॲप कोण लिहायचं? मी. तुमी बोटानं वर सरकवता, एकामागं एक शेळी येते ना — ती यादी माझी. तुमाला वाटत आसंल, हजार शेळ्या म्हणजे फोननं हजार ओळी मांडून ठेवल्यात. छे! साधा फोन जागीच आडकंल. पडद्यावर मावतेत तेवढ्याच ओळी करायच्या, वर एखाद-दुसरी जास्तीची. वरून जी ओळ दिसेनाशी होते तीच खाली आणायची, नवा फोटो, नवं नाव भरायचं — पंगतीत उठलेल्याचं ताट धुऊन पुढच्याला वाढतेत, तसं. बघणाऱ्याला पत्ता न्हाई. हे डोकं माझं. सायलीला तवा ह्यातलं काय बी ठावं नव्हतं.

मग माजलगावच्या बाजारात लोकांना पहिल्यांदा दाखवलं. ही गर्दी! भिवराबाई म्हणून एक शेळ्या राखणारी म्हातारी — तिनं फोन घेतला, सरकवत बसली, आन एकदम वरडली, "माझी चांदी कुणी इकली?" चांदी म्हणजे तिची शेळी. फोटोवर लाल पाटी — 'विक्री झाली'. शेळी तर शेजारीच उभी, पाला खात! पण म्हातारीला वाटलं, लेकानं, बजरंगनं, परस्पर सौदा केला. काठीच उगारली हो बजरंगवर, भर बाजारात. त्यो बिचारा "आई, मी न्हाई, मी न्हाई" म्हणत मागं सरकतोय, आन लोक म्हणायले, ह्या पोरी फसवायला आल्यात.

झालं काय होतं? ती ओळ आधी एका विकलेल्या बोकडाची होती. चांदीच्या वाट्याला आली, तरी पाटी तशीच राहिली. पुसायची राहिली. कुणाकडून? ...आता यादी माझी म्हणल्यावर माझ्याकडूनच की. पण एक ओळ हो कोडची, एक! आन मी काय केलं — लोकांना समजावत बसले, ओळी कशा फिरतेत ते. कोण ऐकतंय? सायली मात्र खाली मातीत बसली, म्हातारीचा हात धरला, यादी वरखाली सरकवून दाखवली — "मावशी, पाटी बोकडाची हाय. आमच्या चुकीनं चांदीवर आली." 'आमच्या' म्हणली. म्हातारीनं काठी टाकली आन लेकाला जवळ घेतलं. मग सायली माझ्यापाशी आली, हळूच म्हणली, "सुकन्या, न विकलेल्याची पाटी लपवायची राहिली का गं?"

बरोबर तेच राहिलं होतं. कधी शिकली ती? माझ्याच शेजारी बसून, माझाच पडदा बघून! चारचौघांत वरडली आसती तर बरं वाटलं आसतं मला, खरं सांगते.

आन आता जिकडं तिकडं सायली. भिवराबाईचा फोन येतो ना इथं — "सायली हाय का?" न्हाई म्हणलं की ठेवून देते. तू कोण, म्हणून एकदा तरी विचारावं? मी बी मग सायलीला निरोप देत न्हाई. कशाला देऊ?

...काय म्हणलात? तिच्यावर न्हाई लिहायचं? मग कुणावर — माझ्यावर? कुणी सांगितलं तुमाला? ...सायलीनं पाठवलं? "यादी सगळी सुकन्याची, तिलाच भेटा" — आसं म्हणली ती?

म्हणजे माझं नाव बी तिनंच द्यायचं मला.

न्हाई, फोटो नको. ठेवा त्यो कॅमेरा. चहा बी राहू द्या — उठा तुमी. उठा म्हणते ना.