अकरा पिशव्या

ओडेसा : अकरा? कसल्या अकरा पिशव्या, केझिया?

केझिया : कचऱ्याच्या, आजी! आम्ही वर्गातल्या आठजणींनी सकाळपासून चर्चमागची दफनभूमी कशी लख्ख केली, बघ ना. दर फेब्रुवारीत आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचे तक्ते काय रंगवायचे, जरा हात चालवू या, असं मीच बाईंना ठणकावलं. उद्या स्मरणाच्या प्रार्थनेला सगळे तोंडात बोटं घालतील!

ओडेसा : इथे कचरा कुठे होता गं? पाचोळा होता.

केझिया : फुटक्या बश्या, बिनकाचेचा कंदील, बंद पडलेली घड्याळं! कुणीतरी आपल्या माणसांच्या अंगावर घाण टाकून गेलं होतं. असला संताप आला मला!

ओडेसा : पांढरा कप होता? निळ्या काठाचा, कान तुटलेला?

केझिया : कप तर चार-पाच होते. का गं, आजी?

ओडेसा : कुठेत त्या पिशव्या?

केझिया : ट्रक दुपारीच घेऊन गेला. आतापर्यंत चेंदामेंदा झाला असेल. आजी... मी काय केलं?

ओडेसा : अटलांटात वाढलेली तू, इथे येऊन वर्षही झालं नाही, तुला कोण सांगणार! इथल्या पोरींनाही आता कुणी सांगत नाही. माणूस गेला की त्याने शेवटची हातात घेतलेली वस्तू फोडून त्याच्या कबरीवर ठेवायची. फोडली की घरातलं दुसरं कुणी त्याच्यामागे जात नाही. ज्यांना दगड परवडला नाही, त्यांची पाटी तीच.

केझिया : देवा! म्हणजे मी सगळ्यांच्या पाट्या उचलून फेकल्या?

ओडेसा : बाकीच्या घरांना आपापल्या कबरी पाठ आहेत. मला एक मात्र त्या कपावरूनच ओळखू यायची.

केझिया : कुणाची? पणजी-पणजोबांना तर दगड आहेत. बोल ना.

ओडेसा : माझ्या भावाची. तुझा आजोबा माझा सख्खा भाऊ, त्याचाही हा भाऊच. आमच्यात सगळ्यात थोरला.

केझिया : आजोबांना थोरला भाऊ होता?

ओडेसा : मतदार यादीत नाव घालायला गोऱ्यांच्या कचेरीत गेला. त्या कपातून कॉफी पिऊन निघाला, तिसऱ्या दिवशी नदीतून काढला. मी नऊ वर्षांची. बाबा म्हणाले, अजून चार लेकरं जगवायचीत, याचं नाव पुन्हा कुणी काढायचं नाही. दगडही नको, ते गोरे येऊन उकरून टाकतील. उद्या सगळे कबरीपाशी पाणी ओतून मोठ्याने नाव घेतील ना, तसं मी दरवर्षी आईबाबांचं घेते आणि घरी जाते. यंदा ठरवलं होतं...

केझिया : थांब! फोटो! साफ करायच्या आधीचे काढलेत मी. हा... नाही, हा बघ.

ओडेसा : सगळीकडे तुझंच तोंड!

केझिया : अगं, तोंडाकडे नको, खांद्यामागे बघ. मोठा करते. दोन बुंध्यांचा ओक, बाजूला शिंपल्यांची रास आणि पुढे...

ओडेसा : कान नाही त्याला.

केझिया : तोच?

ओडेसा : तोच. चल, हात दे मला.

(दोघी ओकापाशी येतात. एके ठिकाणी जमीन जराशी खचलेली आहे.)

केझिया : इथेच. फोटोशी तंतोतंत जुळतंय. आजी, उद्या मी सगळ्यांसमोर उभी राहून कबूल करते. मग घरोघरी हे फोटो घेऊन जाते. कुणी शिव्या घातल्या तरी ऐकून घेईन.

ओडेसा : घालतीलच. मी येईन बरोबर. पण आधी मला सराव करू दे.

केझिया : कसला?

ओडेसा : सत्तर वर्षांवर झाली, तोंडातून निघालेलं नाही. उद्या ऐन वेळी घशात अडकलं तर? ...लुशियस.

केझिया : कुजबुजतेस काय? एरवी तर तुझी हाक रस्त्यापलीकडे जाते!

ओडेसा : लुशियस पिंकनी!

केझिया : आता कसं! ...आजी? गप्प का झालीस? पाणी देऊ?

ओडेसा : नको. हाक मारली की तो म्हणायचा, ‘काय गं, ओडी?’ तेवढी जागा सोडतेय.