चिप एक, चुली दोन

— नाही म्हटलं ना, रणजीत घरी नाही. कटिंगला गेलाय, उद्या साहेबांपुढं जायचंय म्हणून. चप्पल काढलीच आहे तर बसा, दारात उभं राहू नका, समोरच्यांची खिडकी सदा उघडी असते. बसा, अजिंक्यराव. हो, अजिंक्यरावच! दिवाळीत माझ्या हातच्या चकल्या खाताना नुसता अजिंक्य होतास तू — तेव्हा मी अक्का आणि तू घरचा. आता शुक्रवारी माझ्या भावाची टीम बंद होणार आणि तुमची राहणार, मग मान द्यायला नको? पाणी पाहिजे तर माठात आहे, घ्या हातानं.

आणि मला काय कळतंय असं बघू नका. आई गेल्यापासून ह्याला मी वाढवलाय, ऑफिसात काय शिजतं ते सगळं मला येऊन सांगतो तो — दुसऱ्या कुणाला सांगणार? कंपनी एक, चिप एक, पण फोन नि टॅब बनवणारी गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची, म्हणून चुली दोन. तुमची अँड्रॉइडची, ह्याची त्या नव्या सिस्टीमची. मध्ये काचेची भिंत. तुमचं कार्ड ह्यांच्या दाराला लागत नाही, ह्याचं तुमच्या दाराला. एकाचं गुपित दुसऱ्याला कळू नये — सरी, ठीक आहे, पटलं मला. पण म्हणून कॅन्टीनमध्येसुद्धा तोंड फिरवायचं? ह्या चामराजपेटेतून रोज बसला लटकत महादेवपुऱ्याला जातो तो, तिथं, ह्या कन्नड मुलखात, आपल्या भाषेत बोलणारं एकच माणूस, आणि ते भिंतीकडं बघत इडली खातं! ‘अक्का, नियम आहे गं,’ म्हणतो हा. नियम! मग आज कुठं गेली ती काच? आज बरा रस्ता सापडला आमच्या घरचा!

का आलात ते मी सांगू? तुमचे टॅब झोपले की धड उठत नाहीत. मान काय हलवता — पडदा लागतो, पण बोट लावलं की ढिम्म. खरं ना? गिऱ्हाईक ओरडतंय, साहेब ओरडतायत. आणि ह्याच्याकडचे टॅब, तीच चिप पोटात असून, टुणकन उठतात. मला आनंद होतो हे ऐकून. का नाही होणार? त्याच्या मराठीला हसला होतात तुम्ही, आमच्याच गणपतीत, चार लोकांत — ‘ही कसली मराठी, अर्धी कन्नड!’ तो पण हसला तेव्हा. घरी येऊन जेवला नाही. मी विसरले नाही ते, आणि विसरणारही नाही.

नाही, तुम्हाला नाही सांगणार तो. उद्या साहेबांपुढं बसेल, आधी तुमच्या टीममध्ये जागा मागेल, मग तोड सांगेल. गरज सरो नि वैद्य मरो करणारी जात तुमची, ओळखून आहे तो. तेवढं एकच आहे हो त्याच्या हातात. ते गेलं तर कोण विचारतंय त्याला ह्या वयात? त्याची पोरगी आत्ता कुठं शाळेत जायला लागलीय. मला झोप लागत नाही —

काय म्हणालात? नशीब? नशिबानं चालले ह्याचे टॅब? अहो, जीभ सांभाळा! नशीब कसलं, इथं, ह्या ओट्याशी सापडलं त्याला. पाण्याची मोटर चालू होती, वर मी मिक्सर लावला, तर दिवे हे एवढे मिणमिणले — आमच्याकडं एकदम दोन लावले की तसंच होतं. आणि हा चटणीची वाटी हातात घेऊन उभाच. म्हणाला, अक्का, चिपचं पण हेच होतंय, झोपेतून उठताना सगळी एकदम वीज मागतात… काय? पडदा आधी उठवून बघितला? छे! छे छे! तिथंच तर अडाणीपणा तुमचा! पडदा हावरट, तो सगळी वीज ओढतो, नि बोट ओळखणारा भाग अर्धवट जागा होऊन अडकतो. उलटं करायचं! आधी बोटाचा भाग उठवायचा, स्वल्प थांबायचं, तो नीट जागा झाला की मग पडदा. एवढी साधी गोष्ट — आणि तुमची ती एवढी मोठी टीम, ते पुण्याचं शिक्षण, कुणालाही —

उठलात? त्याला भेटायचं होतं ना? येईल की आता. फोन कुणाला लावताय? अहो, मी आपलं काहीतरी बोलले, मला बाईला त्यातलं काय कळतंय, चुकीचं पण असेल… अजिंक्य, ए बाळा, ठेव रे तो फोन. मी हात जोडते. उद्या दुपारपर्यंत थांब. त्याला एकदा साहेबांपुढं बसू दे, मग सांग कुणाला सांगायचं ते. अजिंक्य! चप्पल तरी नीट घाल, जिन्यात अंधार आहे… अजिंक्य!

कोण? आलास होय रे, रणजीत. जिन्यात? मला नाही बाई दिसलं कुणी. असेल कुणीतरी पत्ता चुकलेलं. तू आधी आंघोळीला जा, कशाला शिवू नकोस. असा काय बघतोस?

जा ना.