चौऱ्याऐंशी ते एकशे अठरा

नाही, मला सांगा, एवढी शिकलेली डॉक्टर, पण कुठल्या माणसाला आकडा सांगावा आणि कुठल्या माणसाला सांगू नये, एवढं कळायला नको? आमच्या दाजींना आकडा सांगू नये. अख्ख्या नात्यागोत्याला ठाऊक आहे हे. त्यांना कुणी म्हणालं ना, 'पाच मिनिटांत आलोच', तर सहाव्या मिनिटाला दाजी दाराला कडी लावून घेतात. आणि वाईट म्हणाल तर तसा माणूस मुळीच वाईट नाही...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लाकडाच्या वखारीत वजनकाट्यावर बसतात, सव्वीस वर्षं झाली. तो मोठा काटा हो, ज्याच्यावर अख्खा ट्रक उभा करतात. रिकामी गाडी आत आली की वजन, भरून निघाली की पुन्हा वजन, वजाबाकी, चिठ्ठी, पुढची गाडी. दिवसभरात तोंडातून बाहेर काय पडतं? 'पुढे घ्या. थांबा. इंजिन बंद.' बरं, तिथे बोलत नाहीत तर घरी येऊन बोलत असतील म्हणाल, तर तेही नाही. ताई म्हणते, घरात दोनच शब्द, 'वाढ' आणि 'पुरे', आणि त्यातला 'पुरे' मी क्वचितच ऐकलाय.

तर त्या 'वाढ'चं जे व्हायचं ते झालं. केबिनच्या चार पायऱ्या चढल्या की दाजी दोन मिनिटं खिडकीला धरून उभे. एकदा कुणी नाहीसं बघून स्वतःच काट्यावर जाऊन उभे राहिले. आता तो काटा ट्रकांचा, दहा-दहा किलोंनी मोजणारा. दाखवले एकशे दहा. म्हणजे एकशे सहाही असतील, एकशे चौदाही असतील. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? एकशे सहा धरून घरी आलो असतो, गप जेवलो असतो. दाजींना त्या रात्री झोप नाही. वजन वाढलं म्हणून नव्हे हं, नक्की किती ते कळेना म्हणून! सकाळी उठून ताईला घेऊन गेले डॉक्टरकडे. एकशे अकरा किलो चारशे ग्रॅम. तेव्हा कुठे जिवाला शांतता.

पण डॉक्टर सोडते होय? तिने हृदयाचा आलेख काढला, रक्तदाब बघितला, आणि म्हणाली, काका, हृदय ठीक आहे, पण चालायला लागा. आणि मग तिने ती चूक केली. सांगितला आकडा. दोनशे वीसमधून वय वजा करा, तुमचं बावन्न, राहिले एकशे अडुसष्ट. त्याच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत, म्हणजे मिनिटाला चौऱ्याऐंशी ते एकशे अठरा ठोके पडतील अशा बेताने चाला, सुरुवातीला खालच्याच बाजूला राहा. हा अंदाज असतो बरं का काका, माणसागणिक फरक पडतो. छातीत दुखलं, चक्कर आली तर जागच्या जागी थांबा. कुणी नवीन गोळी सुरू केली तर मला येऊन सांगा, गोळीने ठोके बदलतात. दहा मिनिटं बोलत होती बिचारी. ताईने सगळं ऐकलं. दाजींनी दोन आकडे ऐकले.

त्यात माझ्या भाचीने बापाला मनगटावर बांधायचं ते ठोके दाखवणारं घड्याळ आणून दिलं. झालं. आमच्या दाजींना आकडा सांगू नये, आणि या पोरीने तो मनगटावरच बांधून दिला.

सकाळी दोघं निघायची. ताई पुढे, दाजी मागे, मान खाली, नजर घड्याळावर. एकशे सतरा, चालताहेत. एकशे अठरा, चालताहेत. एकशे एकोणीस... थांबले. कुठेही थांबायचे हो! रस्ता ओलांडताना अर्ध्यावर थांबले, बसवाला हॉर्न वाजवतोय, दाजी हात दाखवताहेत, काट्यावरच्या ट्रकला दाखवतात तसा, थांबा म्हणून. ताई पलीकडच्या फुटपाथवर पोचली, वळून बघते तर नवरा रस्त्याच्या मधोमध. बरं, घाबरलं की ठोके आणखी वाढतात, मग ते बघून आणखी घाबरायचं. एके दिवशी मालकांचा फोन आला तर खुर्चीत बसल्या बसल्या शहाण्णव. घरी येऊन ताईला विचारतात, "हे व्यायामात धरायचं का?" ताई म्हणते, वर्षभरात ते बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य.

पण तुम्हाला सांगतो, दोन महिन्यांत माणूस सहा किलोंनी उतरला. इथवर सगळं ठीक.

मग वखारीत वर्षाची तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि एक नवी गोळी दिली. ती गोळी अशी, की हृदयाचे ठोकेच मंद ठेवते. आता हे आपल्या डॉक्टरला जाऊन सांगायचं होतं की नाही? तिने बजावलं होतं की नाही? पण ते वाक्यात होतं, आकड्यात नव्हतं. आणि गोळीचं घरी बोललेच नाहीत, तर ताईला कळणार कसं? दाजी दुसऱ्या सकाळी नेहमीसारखे निघाले, ताईला सर्दी म्हणून एकटेच, आणि घड्याळ बघतात तर बहात्तर. पाय उचलला, पंचाहत्तर. घामाघूम झाले, अठ्ठ्याहत्तर. आणि चौऱ्याऐंशीच्या खाली चाललेलं दाजींच्या लेखी चाललेलंच नाही. आमच्या दाजींना आकडा सांगू नये म्हणतो ते उगाच? शाळेच्या मागे तो उभा चढ आहे, तिथे गेले. ऐंशी. मग पळायला लागले. एकशे पाच किलोंचा माणूस, चढावर, पळत. एक्याऐंशी... ब्याऐंशी... आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

समोर लाँड्री आहे. लाँड्रीवाल्या बाईंनी बघितलं, धावत आल्या, धुवायच्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसवलं, पाणी दिलं. अर्ध्या तासाने दाजी उठले आणि घरी आले. बोलले काही? छे. चार दिवसांनी ताई पडदे द्यायला गेली तेव्हा लाँड्रीवाल्या बाईंनी विचारलं, साहेब बरे आहेत ना आता? ताईने पडदे तिथेच ठेवले, घरी आली आणि नवऱ्याला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने गोळी बघितली आणि कपाळाला हात लावला. पुन्हा सगळ्या तपासण्या, वखारीतल्या डॉक्टरांशी फोन. वाचलात काका, म्हणाली. ही गोळी घेताना तो हिशेब लागूच पडत नाही, चौऱ्याऐंशीला पोचायचं म्हणून पळत राहिलात तर एक दिवस खरंच पोचाल. काढा ते घड्याळ. दाजींनी विचारलं, मग किती? ती म्हणाली, "आकडा नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता आलं तर फार हळू चालताय, बोलता येईना झालं तर फार जोरात. बायकोशी बोलत चालायचं, बस्स."

बायकोशी बोलत! मला सांगा, यापेक्षा पळायला सांगितलं असतं तर?

पहिल्या दिवशी दाजींनी पाट्या वाचल्या. 'फाटकासमोर वाहने उभी करू नयेत.' 'कुत्र्यापासून सावध राहा.' ताई म्हणाली, हे तुम्ही बोलताय की भिंत बोलतेय? दुसऱ्या दिवशी ट्रकांची वजनं सांगितली. आठवडाभर हेच. मग एका सकाळी तोच चढ आला, लाँड्री अजून उघडायची होती, आणि दाजी म्हणाले,

"त्या दिवशी इथे बसल्यावर मी फोन काढला होता. तुला लावला नाही."

"का?"

"तू विचारलं असतंस काय झालं. मला सांगता आलं नसतं."

"दम लागला होता म्हणून?"

"नाही. एरवीही येत नाही."

ताई पुढे दोन खांबांपर्यंत काहीच बोलली नाही. दाजींनी वाट बघितली. मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुला बोलता येत नाहीये. जोरात होतंय. जरा हळू चालू." आणि हळू चालले. हे मला ताईने सांगितलं, मटार सोलता सोलता, माझ्याकडे न बघता.

छान झालं ना? मलाही वाटलं छान झालं. पण सव्वीस वर्षांचं साठलेलं बोलणं हो ते! एकदा बूच निघालं ते निघालंच. दोन हजार दहा साली... नाही, ते जाऊ द्या, कुठल्या ड्रायव्हरने कुठल्या साली ओली लाकडं भरून वजन कसं वाढवलं, हे मला आता तारीखवार पाठ आहे. कसं? सांगतो ना. चार महिन्यांनी ताई माझ्याकडे आली. म्हणाली, माझे पाय दुखतात रे, उद्यापासून तू जात जा यांच्याबरोबर. मी म्हटलं, पाय की कान? ती म्हणाली, तुझंही पोट सुटलंय.

तेव्हापासून रोज सकाळी मी. चढसुद्धा. दाजी शहाण्णव किलोंवर आलेत, प्रकृती ठणठणीत, दम लागत नाही की घसा बसत नाही. परवा म्हटलं आपलंही हृदय एकदा दाखवून घ्यावं, वय अठ्ठेचाळीस, गेलो त्याच डॉक्टरकडे. तिने सगळं तपासलं, म्हणाली ठीक आहे, आणि विचारलं, "चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "कल्पना नाही, डॉक्टर. अजून संधी आलेली नाही."