बॉनेटवरचा भोवरा

सोनाजी: दात बगायचे नाय, खूर उचलून बगायचा नाय, मंग जनावराचं वय कळायचं कसं?

शालू: आबा, दोन हजार चारची आहे. सांगितलं की तुम्हाला बसमध्ये.

सोनाजी: इकणारा सांगतो ते वय नसतंय, पोरी. दात सांगत्यात ते वय.

विश्वजीत: काका, तोंड उघडूनच दाखवतो ना. हे घ्या, बॉनेट वर. अल्टुरा, सोळाशे सीसी पेट्रोल. पूर्ण जिल्ह्यात अशी मागपर्यंत लांब छताची दुसरी चालू वॅगन दाखवा, ही फुकट देतो. कुठं ऑइल गळत नाही, काही नाही.

सोनाजी: आतडी लई गच्च बसवल्यात.

विश्वजीत: मी स्वतः सर्व्हिस केलीय, हर बार. शालू मॅडम, एक विचारू? काकांच्या घोंगडीत काहीतरी हलतंय.

शालू: कोकरू आहे. परवा झालंय.

विश्वजीत: कोकरू? ट्रायलला?

शालू: ट्रायल त्याचीच आहे. मी नुसती चालवणार.

विश्वजीत: यार, तुम्ही फोनवर म्हणालात सामान बरंच असतं. मला वाटलं गिटार, तंबू, ट्रेकिंगच्या बॅगा...

शालू: तंबू पण असतो. पालाचं कापड, जाळ्या, भांडी आणि कोकरं. आमचा मेंढरांचा कळप आहे, दादा. सध्या सोयगावकडं आहे. मुक्कामाचा तळ हलला की नुकती झालेली कोकरं चालू शकत नाहीत, ती घोडीवर बसवून न्यायची. आमची घोडी आता म्हातारी झालीय.

सोनाजी: म्हातारी कामून म्हणती? दमती जराशी.

शालू: दमते. आणि आबांना नवी घोडी घ्यायचीय. मी म्हटलं, आधी ही बघा. निम्मे पैसे माझ्या पगारातले, निम्मे घोडीसाठी ठेवलेले. आबा नाही म्हणाले तर घोडी.

विश्वजीत: म्हणजे माझी गाडी घोडीच्या विरुद्ध उभी आहे. वा. अब यही देखना बाकी था. मग पिकअप का नाही घेत?

शालू: पिकअप रिकामी असली की उड्या मारते. मी गारखेड्यात खोली घेऊन राहते, रोज शेंद्र्याला जाते, रिकामीच. माझी लॅबमध्ये नोकरी आहे, यंत्रांची कंपनं मोजायची. दिवसभर थरथर बघितल्यावर घरी जाताना परत थरथर कशाला?

विश्वजीत: एसयूव्ही?

शालू: उंच. वळणावर डोलते. सगळी कोकरं एका कोपऱ्यात गोळा होतात.

विश्वजीत: सेडान?

शालू: डिकीत हवा नसते.

विश्वजीत: ...हे खरंय. हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. वॅगन का, तर कोकरांना खिडकी पाहिजे.

सोनाजी: अन् पोरीला पळवायला पायजे, ते नाय सांगत ती. लहानपणी घोडीला धाप लागंपर्यंत पळवायची. तिची माय, बानाबाई, हातात काठी घेऊन मागं.

शालू: आबा!

विश्वजीत: काका, आता मला तुमची मुलगी आवडायला लागली. म्हणजे ग्राहक म्हणून. माझं लग्न झालंय.

सोनाजी: मंग इकता कामून? चांगली हाय तर?

विश्वजीत: चेन्नईला बदली झाली. सोमवारी जॉइन. इतकी जुनी गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची म्हणजे डोकेदुखी. बायको, तनुजा, ती म्हणते गाडीपेक्षा मला न्या. आणि संध्याकाळी बीड बायपासवरचा एक जण येतोय. तो छत कापून कुल्फीची गाडी करणार आहे. त्याचा फोन वाजला की मी आधी गाडीवर कव्हर घालतो.

शालू: छत कापणार?

विश्वजीत: मागं बर्फाची पेटी, वर छत्री. डिझाइन व्हॉट्सअॅपवर पाठवलंय त्यानं. बघणार?

शालू: नको. आबा, बसा आत.

(तिघं आणि कोकरू गाडीत. मागचं अर्धं सीट पाडलेलं. गारखेड्याच्या गल्लीतून जालना रोडकडे.)

विश्वजीत: पुढं ब्रेकर आहे. तिरकी घ्या. तिरकी, तिरकी... आह.

शालू: घासली.

विश्वजीत: माझाच गुडघा सोलल्यासारखा वाटतो प्रत्येक वेळी. खाली घेतलीय ना मी. स्प्रिंगा बदलल्या, कडक आणि आखूड. आता मोकळा रस्ता लागेल तेव्हा कळेल का ते.

शालू: आबा, कोकरू कसंय?

सोनाजी: उभंय. चार पाय फाकवून माझ्याकडं बगतंय. गाडीला सवय नाय म्हनतंय.

शालू: आता तिसरा टाकते. ऐका हं. ऐका... ऐकलं? आवाज बदलला!

सोनाजी: कोकराचा बी बदलला.

विश्वजीत: एक्झॉस्टचं काम आहे ते. खाली घरगुती, वर गेलं की गाणं. मॅडम, सोडा थोडी, रस्ता मोकळा आहे.

शालू: दादा, हे स्टिअरिंग! नुसता विचार केला की वळतेय. आणि मागून ओढ नाही, डोलणं नाही. लांब गाडी आहे हे कळतच नाही हो!

विश्वजीत: अगदी! अगदी! हेच मी दहा वर्षं लोकांना सांगतोय, आणि लोक विचारतात, अॅम्ब्युलन्स आहे का?

सोनाजी: शाले, तू हसाया लागलीस का गाडी?

शालू: मीच, आबा. मीच हसतेय. आता वळण घेते हं, धरा त्याला.

सोनाजी: धरलं. पडलं. माझ्यावर पडलं. उठलं. परत पडलं. लबाड हाय, आता मुद्दाम पडतंय.

विश्वजीत: काका, तुम्हाला भीती नाही वाटत?

सोनाजी: हिनं घोडीवर बसवून मला ओढ्यातनं नेलंय पुरात. ह्यो तर डांबर हाय.

शालू: करमाडच्या अलीकडून वळवते. आता जरा शांत घेते. कसं आहे?

सोनाजी: निजलं.

शालू: निजलं?

सोनाजी: निजलं. अन्... साहेब, हे मागं गालिचा हाय न्हवं?

विश्वजीत: हो. इम्पोर्टेड. मापानं कापून घेतलाय.

सोनाजी: व्हता कोरडा.

विश्वजीत: अरे देवा.

शालू: दादा, तो तसाही काढणारच होते मी. गोठ्यात घालतात ती रबरी मॅट बसवणार, धुता येते. आणि मागच्या स्प्रिंगा बदलणार.

विश्वजीत: काय म्हणालात?

शालू: मागच्या. जरा उंच आणि जास्त वजन पेलणाऱ्या.

विश्वजीत: मॅडम, गाडी बाजूला घ्या.

शालू: का?

विश्वजीत: मी उतरतो. तुम्ही वॅगनला उंच करणार? ती मागून वर, पुढून खाली, गुडघे टेकलेल्या उंटासारखी दिसेल! त्या कुल्फीवाल्यानं निदान उंची तरी तशीच ठेवली असती.

शालू: ऐकून तर घ्या. पुढं तुमचंच राहील, सूतभरही हलवणार नाही. पण मागं जाळ्या, भांडी, कोकरं भरली की मागचं बूड बसणार. बसलं की पुढचं तोंड वर. मग पुढच्या टायरवरचं वजन कमी, आणि ज्या वळणावर तुम्ही आत्ता 'अगदी, अगदी' म्हणालात, तिथं ती सरळ जाईल. मला ती भरलेली असताना तुमच्यासारखी चालायला पाहिजे. रिकामी असताना थोडी वर दिसली तर दिसू दे.

विश्वजीत: भरली की सपाट.

शालू: भरली की अगदी सपाट.

विश्वजीत: ...किती भरणार?

शालू: एका वेळी आठ-दहा कोकरं आणि बिऱ्हाड. मी वजन करून आणलंय.

विश्वजीत: कोकरांचं वजन केलं?

सोनाजी: लॅबातल्या काट्यावर न्हेलती दोन. साहेब चिडला तिचा.

विश्वजीत: माझ्याकडं मूळ स्प्रिंगा माळ्यावर पडून आहेत. तेल लावून, पोत्यात बांधून. त्या मागं लावून बघा, नाही पुरल्या तर मग जाड घ्या. आणि शॉकअब्सॉर्बर पण बदला मग, नाहीतर नुसती झुलत राहील.

शालू: म्हणजे देणार?

विश्वजीत: मॅडम, मी उतरलोच नव्हतो.

शालू: आबा, तुम्ही बोला आता. आलोच आपण परत. दादांच्या दारात लावते.

सोनाजी: गाडी झ्याक हाय. पोरगं निजलं म्हंजी झ्याकच. पन शाले, एक सांग. घोडी खाचरातनं जाती, नाल्यातनं जाती. ही जाईल?

शालू: नाही जाणार. खोटं कशाला बोलू? ही रस्त्यापर्यंतच येईल, तिथून पुढं आपल्याला उचलून न्यावं लागेल. पण घोडी असेलच की, आबा. तिच्या पाठीवर ओझं नसेल एवढंच.

सोनाजी: व्हय. नवी आणली तर म्हातारीला इकावं लागंल. दोघींचं खाणं कुठनं आणू? अन् म्हातारी घोडी कोन घेतो, कशाला घेतो, ते म्या बाजारात बगितलंय.

शालू: माहितीय मला. म्हणून तर म्हणतेय.

सोनाजी: बगू दे येकदा उतरून, उन्हात. मंग सांगतो.

विश्वजीत: बघा, बघा. कालच पॉलिश मारलंय, मशीननं. काळा रंग आहे ना, आरशासारखा दिसतो.

सोनाजी: ...नाय घ्यायची.

शालू: काय?

सोनाजी: नाय. भोवरा हाय.

विश्वजीत: काय आहे?

सोनाजी: भोवरा. केसाचा असतो तसा. बगा की, कपाळाच्या उजव्या अंगाला, चालवनाऱ्याच्या समोर. ह्या जागचा भोवरा बसनाऱ्याला पाडतो. आमच्या बापानं असली घोडी घेतली, वरीसभरात हात मोडला. बानाबाईनं निघताना बजावलंय, भोवरा बगून घ्या.

विश्वजीत: काका, ते पॉलिशचे ओरखडे आहेत. माझी चूक. मी घालवून देतो, अर्धा दिवस द्या फक्त.

सोनाजी: भोवरा घासून काढनारे यापारी म्या लई बगितलेत, साहेब.

विश्वजीत: अहो, पण तो उजवीकडं नाहीच. हा बघा, डाव्या दिव्याच्या वर आहे.

सोनाजी: डोळं तपासा. ह्यो हितं.

विश्वजीत: इथं!

शालू: थांबा, थांबा. मला तर मधोमध दिसतोय.

सोनाजी: तीन भोवरे? मंग तर बगायलाच नको!

शालू: आबा, एकच आहे. एक काम करा. त्याच्याकडं बघत बघत डावीकडं एक पाऊल सरका.

सोनाजी: कामून?

शालू: सरका तर.

सोनाजी: ...आरं.

शालू: काय झालं?

सोनाजी: ह्यो चालला की माज्यासंगं.

शालू: अजून एक.

सोनाजी: आरं तिच्या! ह्यो बी चालला! शाले, म्या थांबलो, ह्यो थांबला! साहेब, बगा, बगा, उजवीकडं पळतो... आला! आला मागं!

विश्वजीत: काका, हळू. शेजारी गॅलरीत आलेत.

शालू: रंगावर बारीक ओरखडे आहेत, सगळ्या दिशांना, वेडेवाकडे. गोल एकही नाही. पण सूर्याचं प्रतिबिंब जिथं पडतं, त्याच्या भोवतीचे ठरावीक ओरखडेच आपल्या डोळ्याकडं उजेड फेकतात, म्हणून वर्तुळ दिसतं. तुम्ही हललात की प्रतिबिंब हलतं, आणि भोवरा त्याच्या मागं. तुमचा तुम्हाला, दादांचा दादांना.

सोनाजी: म्हंजी तो गाडीच्या अंगाला नाय.

शालू: ओरखडे अंगाला आहेत. भोवरा नाही.

सोनाजी: मंग ज्याचा त्यानं संगं आणायचा.

विश्वजीत: काका, हे तुम्ही फिजिक्सच्या पुस्तकापेक्षा बरं सांगितलं. मला बारावीत कुणी असं सांगितलं असतं ना...

सोनाजी: गप ऱ्हावा जरा. शाले, कपाळाच्या मधोमध असला तर काय म्हनत्यात?

शालू: घरात भरभराट.

सोनाजी: मंग म्या कुठं उभा ऱ्हाऊ?

शालू: अजून थोडं डावीकडं. अजून. बस.

सोनाजी: आला. बरूबर मधोमध आला. तुझा मोबाइल हितं धर, माज्या डोळ्यापाशी. हलू नको. हितनंच फोटू काड अन् तुज्या मायला धाड.

शालू: आबा, ही फसवणूक आहे.

सोनाजी: कशाची? फोटूत हाय ते खरंय का न्हाई?

शालू: खरंय.

सोनाजी: मंग धाड. अन् लिव, आबानं गाडी पसंत केली. घोडी घरचीच ऱ्हाती. लई वरसं झाली तिला रिकाम्या पाठीनं चालून.

शालू: लिहिते. थांबा, बोटं थरथरतायत माझी.

विश्वजीत: मॅडम, ती कंपनं मोजायला तुमच्याकडं यंत्र असेलच.

शालू: दादा, कुल्फीवाल्याला फोन करा ना. आत्ता. माझ्यासमोर.

विश्वजीत: तुम्ही कोकराचा पाय सोडवा तो सीटबेल्टमधून, तोवर करतो... हॅलो, हाँ भाई. नहीं, बिक गयी. किसको? अब क्या बोलूँ तुम्हें, बकरी के बच्चे को बिक गयी.

सोनाजी: मेंढीचं म्हना. बकरी येगळी.

विश्वजीत: मेंढी का, मेंढी का. हाँ, मजाक नहीं कर रहा. रखता हूँ. झालं. ही चावी. ही दुसरी चावी. स्प्रिंगांचं पोतं तनुजानं माळ्यावरून काढून मागं ठेवलंय. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना लगेच पळवू नका, मिनिटभर थांबा तिच्यापाशी. आणि काच खाली घेताना डाव्या मागच्या दाराला हातानं मदत लागते. आणि... बाकी तुम्हाला कळेलच.

शालू: काही अडलं तर चेन्नईला फोन करीन.

विश्वजीत: काही अडलं नाही तरी करा.

सोनाजी: साहेब, आता तुमी घरात जा. जनावर इकल्यावर मालकानं दारात उभं नसतंय ऱ्हायचं.

विश्वजीत: का हो?

सोनाजी: जनावराचा पाय निघत नाय.

विश्वजीत: काका, गाडी आहे ती. तिला काय कळतंय? निघा तुम्ही. बाय, मॅडम. गल्लीतला ब्रेकर तिरका घ्या.

शालू: तिरकाच घेते. निघालो, आबा. कोकरू धरलं?

सोनाजी: धरलं. तो गेला का घरात?

शालू: नाही. आरशात दिसतोय. हात वर केलाय, खाली घ्यायचं विसरलाय.

सोनाजी: मंग कोपऱ्यापतुर हळूच जाऊ दे.