काचेपलीकडे ऐकू येत नाही

…नाही नाही, उठू नकोस, बस. उठलास की संपलं. मॅडम काचेमागे आहेत — हो, तो आरसा नाहीये, काच आहे, त्यांना आपण दिसतो, आपल्याला त्या दिसत नाहीत. दोन वर्षं इथे समुपदेशन शिकतोयस आणि मगाशी त्यातच बघून भांग नीट केलास, तेही त्यांनी बघितलं असणार. पण ऐकू जात नाहीये त्यांना. माईकची वायर गेलीय. दारातून डोकावून 'करा सुरू' म्हणाल्या ना, म्हणजे दिसण्यापुरती परीक्षा चालू झाली, वायरवाला येईल तेव्हा येईल. तोवर तू मान हलव, मी मधूनमधून डोळे पुसते. असं. बघ, रडले. आता तू जरासा पुढे झुक — एवढा नाही रे, मांडीवर येऊन पडशील माझ्या!

तुला ओळखलं मी. मागच्या परीक्षेला तूच होतास. विसरेन कशी? इतकी वर्षं मी इथे क्लायंटचं काम करते, नवरा वारलेली बाई, झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही — पोरं मला मागून 'अवघड केस' म्हणतात, कळतं मला सगळं — पण तुझ्यासारखा नमुना नाही बघितला. मी नुसता पदर डोळ्याला लावला, तर तू पंखा वाढवलास. मग खिडकी उघडलीस. मग पाणी आणलंस. मग तुझ्या मावशीच्या ओळखीच्या डॉक्टरचा नंबर दिलास, रोज चालायला जा म्हणालास, मांजर पाळा म्हणालास — आणि एवढं करूनही मी थांबेना, तेव्हा तूच रडायला लागलास! हुंदके देऊन! मॅडम आत आल्या तेव्हा मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तू माझ्या रुमालात नाक शिंकरत होतास. त्यांना कळेना, मार्क द्यायचे कोणाला.

हसू नकोस, मॅडम बघतायत. माझा नवरा वारलाय.

हे बघ, तुझी आई बाहेर बाकावर बसलीय. मगाशी बेसिनपाशी भेटली, सगळं सांगितलं तिने. हॉस्पिटलात तुझी जागा धरून ठेवलीय, आज पास झालास तर तुझी, नाही तर दुसऱ्या कोणाची. बिचारीने माझे हातच धरले. म्हणाली, मुलगा मनाने फार चांगला आहे हो. म्हटलं, तोच तर रोग आहे त्याचा! मनाने चांगली असतात तीच पोरं इथे आपटतात. समोरचं माणूस रडलं की त्यांच्याच्याने बघवत नाही, मग धावतात पाणी आणायला. पाणी कोणासाठी असतं ते? माझ्यासाठी नाही, बाबा. तुझी तुला सुटका हवी असते खोलीतून. आणि तो टिश्यूचा डबा — हात मागे घे, हात मागे! डबा सरकवलास की बाईला वाटतं, पुरे झालं, आता आवरा. राहू दे तिथेच. नाक पुसायला लागलाच तर घेईन मी, हात आहेत मला.

मी सगळ्या प्रकारची बघितली. पहिल्या वर्षाची नुसती प्रश्न विचारतात, पोलीस परवडले. किती मुलं, कितवीत, घर भाड्याचं का. दुसऱ्या वर्षाला मान हलवायला शिकतात आणि मग ते 'म्हणजे तुम्हाला असं वाटलं की' चालू होतं. एकाला मी म्हटलं, माझा नवरा वारला. तर म्हणे, म्हणजे तुम्हाला असं वाटलं की नवरा वारला. वाटलं कसलं रे मेल्या, दहा माणसं होती पोचवायला! सहानुभूती वेगळी आणि समानुभूती वेगळी, हे पेपरात सगळ्यांना येतं, मलाही येतं आता ऐकून ऐकून. पण या खुर्चीत बसलं की हात शिवशिवतात आणि जीभ वळवळते. नुसतं गप्प बसायचं, आणि गप्प बसलोय हे समोरच्याला कळू द्यायचं, एवढंच तर आहे. पण ते कोणाला जमत नाही. मलासुद्धा — बघ ना, किती बोलतेय.

छान. आत्ता गप्प बसलास ते छान होतं.

नवरा? नाही रे, चांगला ठणठणीत आहे! आत्ता टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून घोरत असेल. दिवसभर त्याला मारायचं, चार-चार पोरांसमोर, आणि संध्याकाळी त्यालाच चहा करून द्यायचा. एकदा सांगितलंसुद्धा त्याला, अहो, आज तुमच्यावर काय सुंदर रडले मी! तर म्हणाले, म्हणून जेवायला उशीर का? आता अशा माणसासाठी रडू कुठून काढायचं? पहिल्या वर्षी कांद्याचा तुकडा आणायचे रुमालात, तर खोलीला वास मारायचा, मॅडम ओरडल्या. मग मी युक्ती काढली. तोंडाने नवऱ्याचं बोलायचं आणि डोळ्यांपुढे आणायचं तिला. की लगेच. नळ सोडल्यासारखं.

तिला म्हणजे कोणाला? असू दे. मान हलव.

एकदा फजिती झाली त्याच्यापायी. एक हुशार पोरगी होती, चष्मेवाली. मी रंगात आले होते, तर ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, 'आता ते परत येणार नाहीत, हे स्वीकारायला हवं.' आणि माझं डोकंच सटकलं! म्हटलं, का नाही येणार? येत का नाही? खालच्याच मजल्यावर तर राहते! — मॅडम धावत आत. आता काय सांगू? म्हटलं, दुःखात माणूस भ्रमिष्ट होतो की नाही, तसं केलं जरा. तर मॅडम त्या पोरीलाच म्हणाल्या, मग हा भ्रम तुझ्या लक्षात कसा नाही आला?

हं. बहीण रे. धाकटी. मी वर, ती खाली. एकच जिना, आणि जिन्यात समोरासमोर आलो तर ती भिंतीकडे बघते, मी कठड्याकडे. मी खुर्ची सरकवली की ती खालून छताला झाडूचा दांडा मारते. तेवढंच काय ते आमचं बोलणं. कधी कधी — हसशील तू — कधी कधी मी उगाचच खुर्ची सरकवते.

नाटकावरून झालं. आमचं हौशी मंडळ होतं, आणि मी काही ऐरीगैरी नव्हते, मुख्य काम होतं माझं. शेवटचा प्रवेश, म्हातारी आई खुर्चीत बसल्याबसल्या जाते. सगळं सभागृह गपगार. आणि पहिल्या रांगेतून ही हसली! गालात नाही — खो खो! मग तिच्या शेजारची हसली, मग मागची रांग, मग सगळेच, आणि मी मेलेली. मेलेल्या माणसाने करायचं काय, सांग? डोळे मिटून पडून राहिले. पडदासुद्धा लवकर पडेना. ती आत भेटायला आली तर मी दार लावून घेतलं. म्हटलं, माझं हसं केलंस, आता तोंड दाखवू नकोस. तिने नाही दाखवलं. शब्दाची पक्की आहे अगदी. तेव्हापासून मी —

काय? काय म्हणालास?

ती का हसली असेल?

अरे, का म्हणजे? हसायलाच — माझं काम वाईट — आता मला काय माहीत? मी कुठे विचारलं? तिला हसायचं असेल, हसली. ती लहानपणापासूनच तशी. शाळेत बाईंनी छडी उगारली की हसायची, आणि हसली म्हणून दोन जास्त खायची. वडिलांना दवाखान्यात नेलं तेव्हा जिन्यात बसून हसत होती, शेजारीण म्हणाली, काय दगडाच्या काळजाची पोरगी. मीच भांडले शेजारणीशी. म्हटलं, हसत नाहीये ती, घाबरलीय. घाबरली की तिला —

थांब जरा.

त्या प्रवेशात अंगात स्वेटर होता, तो आमच्या आईचा. मंडळाकडे कुठले कपडे, मी घरातलाच घातला, ट्रंकेतला. आणि मान अशी कलती टाकायची — ती आईचीच उचलली होती मी. तशीच गेली होती आई. आम्ही दोघीच होतो तेव्हा. मला वाटलं, वा, काय हुबेहूब जमलंय. आणि ती पहिल्या रांगेत बसलेली. समोर.

नाही, हे नाटक नाही. आत्ताचं खरं आहे. बस तू तसाच. काही बोलू नकोस.

…

या मॅडम. झाली वायर? नाही? बरं झालं. काय, तो प्रश्न? विचारा की. — अरे, शेवटी क्लायंटला एक प्रश्न विचारतात, तुमच्या पुस्तकात नसतो तो. या माणसाकडे पुन्हा याल का? ऐकू तर काही गेलेलं नाही, म्हणजे आज तुझं सगळं यावरच. नाही, मॅडम. मी नाही येणार. — ए, ए, रडायचं नाही! मॅडम, लिहू नका, थांबा! मी नाही येणार, कारण माझं झालं. बहिणीला पाठवेन याच्याकडे. तिचं कोणी ऐकलंच नाहीये अजून, मी तर मुळीच नाही. येईल की नाही कोण जाणे, पण आधी जाऊन तिची बेल तर वाजवू दे. तुम्ही पुढच्या मुलीला उद्या बोलवा. आणि तू सरक रे बाळा, वाट दे.