वूफरची वायर कापल्याबाबत

जबाब देणार: फिर्यादीची आई, इमारतीत ‘मोठी आजी’ म्हणून ओळख. वय अंदाजे ७४. धंदा घरकाम, अजून सुटलेलं नाही. राहणार चौथा मजला, जिन्याशेजारचा फ्लॅट.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती व मुलासह राहते. पतीला ऐकू येत नाही. मुलाने हौसेने होम थिएटर बसवलं आहे. त्यातला वूफर म्हणतात तो डबा जमिनीवर असतो. त्याचे दणके ह्यांच्या तळपायांना कळतात, म्हणून हे दिवसभर त्याला पाय लावून सिनेमे बघतात. इतकं मन लावून माझं कधी ऐकलं नाही.

आमच्या खाली नर्सबाई राहते. रात्रपाळी करून दिवसा झोपते. ह्यांच्या पायाच्या जखमेची पट्टी तीच बदलते. दणके तिच्या छतातून उतरतात. आम्ही डब्याखाली गादी घातली, तो भिंतीपासून सरकवला, आवाज कुठवर न्यायचा तो आकडा मुलाने रिमोटवर चिकटवला. आवाज कमी केला की हे ‘टीव्ही मेला’ म्हणून वाढवतात. रिमोट लपवला तर जेवत नाहीत.

काल दुपारी मुलगा कामावर असताना नर्सबाई वर आली. दार मी उघडलं. ती भांडली नाही. म्हणाली, “आजी, रात्री एकाची सुई दुसऱ्याला टोचणार होते. माझ्याच हातांची भीती वाटायला लागलीय.” मी म्हटलं, “बस पोरी, पाणी आणते.” पाणी आणेपर्यंत ती खुर्चीत झोपली होती. हे अंघोळीला गेले होते. मी प्लग काढला, मरायची मला घाई नाही, आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने वायर कापली. नर्सबाईने कशाला हात लावला नाही.

ती येऊन गेल्याचं मुलाला वॉचमनकडून कळलं. मला न विचारता त्याने फिर्याद दिली. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं असं छातीठोकपणे सांगवत नाही. ह्यांना त्याने कागदावर लिहून दाखवलं की खालच्या बाईने तोडलं. आज सकाळी ती पट्टी बदलायला आली तर ह्यांनी पाय आखडून घेतला. मी स्वतःच्या छातीवर हात मारून दाखवलं की मी, मी कापली. ह्यांना वाटलं माझ्या छातीत दुखतंय. तिलाच म्हणाले, “अगं, आधी हिला बघ.” तिने माझी नाडी बघितली. पाय मात्र दिला नाही तो नाहीच.

मुलगा आज नवी वायर आणणार आहे. जोडली तर ती झोपणार नाही. नाही जोडली तर हे नुसते फरशीला पाय लावून बसतात. मला तिसरं काही सुचत नाही. मला लिहिता येत नाही, म्हणून साहेबांनी ह्यांना दाखवायला मोठ्या अक्षरांत एवढंच लिहून द्यावं की वायर बायकोने कापली, पाय नर्सबाईला द्या. मग माझ्याशी अबोला धरला तरी चालेल.

वरचं सगळं मला हळू वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे. डाव्या हाताचा अंगठा दिला आहे.