कर्नलच्या धर्मबापाला निरोप

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या आखूड सोंडेच्या टापिराचे धर्मबाप, माननीय नगराध्यक्ष एदिल्बेर्तो इसुइसा. व्यासपीठावरचे फादर आन्सेल्मो. ज्यांच्यासाठी हा केक आणलाय ते आपल्या निसर्ग उद्यानाचे रखवालदार आस्तेरिओ सांगामा. त्यांच्या बुटावर पाय देऊन उभा असलेला कर्नल. आणि खुर्च्या पुरल्या नाहीत तरी न रुसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो!

मी लेओविना तापुयिमा. उद्यानाच्या फाटकाशी पानात बांधलेला भात विकते. मला भाषणाची सवय नाही. पण नगराध्यक्ष काल म्हणाले, “बाई, उद्या तुमचं तोंड बंद पडू देऊ नका.” आयुष्यभर मला उलटंच ऐकवलं गेलं. तेव्हा ही संधी मी सोडणार नाही.

आस्तेरिओदादांना आज चारच्या बोटीनं लेकीकडे लिमाला जायचंय. नात रांगायला लागली, आजोबांनी अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. का नाही? तर कर्नलमुळे.

आता कर्नल काय चीज आहे, ते तुम्हाला सांगायला नको. काळाभोर, कुबड काढून चालणारा, पोटातून तुतारी वाजवणारा पक्षी. आपल्या नदीकाठी घरोघरी असा एखादा असतो. दिवस कलला की कोंबड्या हाकून खुराड्यात घालतो. पण तुमचे पक्षी कोंबड्यांवर थांबतात. आमचा कर्नल बदकं हाकतो, डुकराएवढाले कापिबारा हाकतो, पाहुणे हाकतो. गेल्या खेपेला दादा बोटीत चढले, तर यानं फळीवरून आत जाऊन सगळी बोटच रिकामी केली. कप्तानासकट सगळे उद्यानात परत! त्यातलं एक नवं जोडपं अजून इथंच आहे. हो, तुम्हीच, लाजू नका. दुकान छान चाललंय तुमचं.

मुळात चूक कोणाची? आपली सगळ्यांची. या गावात धर्मबाप नसलेली वस्तू आहे का? फुटबॉलला धर्मबाप, शाळेच्या पंख्याला धर्ममाय, धक्क्याच्या तिसऱ्या फळीला तर दोन, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. उद्यानाला पैसे नव्हते तेव्हा नगराध्यक्ष म्हणाले, “प्राण्यांनाही धर्मबाप शोधा, खाण्यापिण्याचं ते बघतील.” इथवर ठीक. एक फीत बांधायची, टाळ्या वाजवायच्या, संपलं. पण फादर, तुम्ही पवित्र पाणी आणलंत! बाकीचे प्राणी अंग झटकून गेले. कर्नल तेवढा मान खाली घालून उभा राहिला. दादा त्याचे धर्मबाप. त्याच्या आईबापांना अजगरानं आधीच खाल्लेलं. मग पोरानं जायचं कुणाकडे?

फादरना विचारलं, धर्मबाप बदलता येतो का? फादर म्हणाले, “जिवंत असताना नाही.” दादांनी एकदा फार आशेनं अजगराच्या पिंजऱ्याकडे पाहिलं होतं, ते मी पाहिलंय.

मग ठरलं, जावळ काढायचं. आपल्या रीतीनं पहिली बट कापेल तो पोराचा दुसरा पालक. नगराध्यक्ष सोनेरी कात्री घेऊन आले. पण याच्या डोक्यावर मखमल, कापणार काय? त्यात कर्नलनं त्यांनाच टापिराच्या गोठ्यात नेऊन घातलं. मी आपली बाजूला भाताच्या पुड्याची दोरी कापत, या सगळ्यांना शिव्या देत होते. माझा आवाज लागला की हा मान वाकडी करून तल्लीन होतो, गाणं ऐकावं तसा. तेव्हाही आला, मान मधे घातली, आणि दोरीबरोबर एक पीस कापलं गेलं. फादर म्हणाले, “आमेन.”

मी म्हटलं, “कसलं आमेन? मला भाताचं बघायचंय!”

दादा म्हणाले, “आता काय उपयोग, बाई? आपण नात्यातले झालो.”

तेव्हापासून ते माझ्याकडचा भात फुकट खातात. नात्यातले ना!

कर्नल, इकडे बघ, राजा. माझ्याकडे. आणि श्रोत्यांनो, तुम्हीही माझ्याकडेच बघा. मागच्या दाराकडे बघण्यासारखं तिथं काही नाही. नगराध्यक्ष, मान वळवू नका! मी अजून बोलतेय. नाही, आवाजाला काही झालेलं नाही, घशात माशी गेली. दादा फार भांडकुदळ माणूस. भातात मीठ कमी आहे असं रोज म्हणायचे आणि रोज पान चाटून ठेवायचे. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही. मला त्यांची फार आठवण येणार आहे. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नसतं.

ऐकलात भोंगा? बोट सुटली.

बसा, कोणी उठू नका. कर्नलनं रिकामी खुर्ची पाहिली. बघा, केकच्या टेबलाखाली शोधतोय. आता तुम्हाला मोजतोय. सगळे आत असल्याची खात्री होईपर्यंत तो कोणाला घरी सोडणार नाही, आणि आज त्याचा एक कमीच भरणार. माझाही.

अध्यक्षांचे, फादरांचे आणि दारात अडकलेल्या सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणाला लागलं असेल तर ते पोटात घाला. कर्नल, तूही. तुला आज मी फसवलं.

चल बाळा. कोंबड्या आत घ्यायच्यात.